आत्याबाईंची झोप

आमच्या आत्याबाई झोपत नाहीत, असं सगळ्या गावाचं मत होतं. मत कसलं, कौतुकच. रहिमतपूरपासून थोडं आत आमचं गाव. घरटी एक तरी माणूस फौजेत, त्यामुळं घरं आणि रानं बायकांच्या जिवावर चाललेली. आमच्या घरात तर पुरुष नावालाही नव्हता. सासरे माझ्या लग्नाआधीच वारलेले, नवरा कधी राजस्थानात तर कधी काश्मिरात, आणि उसाची सगळी शेती आत्याबाईंच्या हुकमाखाली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, आणि त्यांच्या अंगापिंडाला नुसतं आत्या पुरलं नसतं म्हणूनच बहुतेक लोकांनी पुढं बाई जोडलं असावं.

रात्री कुत्रं भुंकलं तरी 'कोण हाय रं तिकडं?' असा पहिला आवाज त्यांचा. अवेळी लाईट आली की मोटर चालू करायला गड्याला हाक मारणार त्याच. बायका म्हणायच्या, "आत्याबाईंच्या डोळ्याला डोळा लागत न्हाई म्हणून घराला कुलूप लागत न्हाई." आत्याबाई हे ऐकून हसायच्या आणि दाताला मिश्री लावत बसायच्या. त्यांना ते आवडायचं.

नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. मी आष्ट्याची, बारावी झालेली, तोंडानं जरा फटकळ. माहेरी आईनं निघताना एवढंच सांगितलं होतं की तिथं गेल्यावर जिभेला गाठ मार. आमच्या सासरी रीत अशी की नवरा सुट्टीवर असेल तेवढे दिवस आतल्या खोलीत झोपायचं, आणि तो रेजिमेंटला गेला की सुनेनं अंथरूण उचलून सासूच्या खोलीत यायचं. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस मी आत्याबाईंच्या शेजारी. त्यामुळं गावाला जे ठाऊक नव्हतं ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आत्याबाई झोपत होत्या आणि वाईट झोपत होत्या.

पहिल्या रात्री तर मला वाटलं, गोठ्यात म्हैस व्यायला झाली. उठून बसले, बघते तर आवाज शेजारून. असं घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण घोरण्याची काही दिवसांनी सवय झाली, गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीची होते तशी. सवय झाली नाही ती घोरणं थांबायचं त्याची. चांगलं रंगात आलेलं घोरणं एकदम बंद पडायचं. मग काहीच नाही. छाती वर व्हायला धडपडते आहे, पोट हलतं आहे, पण नाकातोंडातून हवेचा पत्ता नाही. मी अंधारात वाट बघायची. मग मोठा हिसका बसायचा, घशातून आवाज फुटायचा, आत्याबाई अर्ध्यामुर्ध्या जाग्या होऊन कूस बदलायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्या अर्धवट जागेपणात कुत्रं भुंकलेलं त्यांना ऐकू यायचं, लाईट आलेली दिसायची, लघवीला उठावं लागायचं. सकाळी त्यांना वाटायचं आपण रात्रभर जागेच होतो. गावालाही तेच वाटायचं.

सकाळी त्यांचं डोकं ठणकायचं. कपाळाला घट्ट फडकं बांधून त्या म्हशीची धार काढायच्या. दुपारी जेवून भिंतीला टेकल्या की बोलता बोलता मान पडायची. एकदा तर पाहुण्यांसमोर, चहाची बशी हातात धरून. 'रातीची झोप न्हाई ना बिचारीला,' पाहुणे म्हणाले.

तर हे मी त्यांना सांगायचं कसं? बाहेरून वाटेल, त्यात काय एवढं. पण सुनेनं सासूला 'तुम्ही घोरता' म्हणणं म्हणजे 'तुमच्या अंगाला वास येतो' म्हणण्यासारखं होतं. एका लग्नात मी बघितलं होतं. शाळेच्या वर्गात सगळ्या पाहुण्या बायका ओळीनं झोपलेल्या, आणि एक जाडजूड बाई घोरायला लागली. बायकांनी तोंडात पदर कोंबून हसून घेतलं, सकाळी तर तिची नक्कलच केली. आत्याबाईही हसल्या. पण त्या रात्री त्यांनी पाठ टेकली नव्हती. 'तुमी झोपा, मी सामानाची राखण करती,' म्हणून पिशव्यांच्या ढिगाशेजारी सकाळपर्यंत बसून होत्या. तेव्हा मला उमगलं की लग्नाकार्यात ही बाई दरवेळी राखणीला का बसते. त्यांना माहीत होतं. आणि दुसऱ्या कुणाला माहीत नाही, या समजावर त्या जगत होत्या.

त्यांना ब्लडप्रेशर आहे हे आधीपासून ठाऊक होतं. रहिमतपूरच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जायचं, दंडाला पट्टा गुंडाळून घ्यायचा, डॉक्टरांचं 'आत्याबाई, मीठ कमी करा' ऐकायचं आणि येताना लोणच्यासाठी कैऱ्या घेऊन यायच्या. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. पारा खाली यायचं नाव घेईना. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी एकदा विचारलं, "झोप लागते का?"

"कसली झोप, डॉक्टर! रातचं कितींदा तरी उठतीया."

डॉक्टरांनी मान हलवली आणि झोपेची एक छोटी गोळी जोडून दिली. जे सांगितलं त्यावरून त्यांनी दिलं, त्यांचा काय दोष.

त्या गोळीनं कहर केला. आत्याबाई गाढ झोपायला लागल्या, आणि श्वास पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबायला लागला. हिसका यायचा तो उशिरा यायचा. झिरोच्या बल्बात ओठ काळे दिसायचे. मी उठून त्यांच्या नाकापाशी तळहात धरून बसायची. मला भीती वाटायची, आणि ती अगदी साधी भीती होती. ही बाई एके दिवशी माझ्या शेजारी मरणार आणि मी तळहात धरून बसलेली असणार. आमचं फार गुळपीठ होतं असं नाही. पण माझ्या हातचं कालवण नावं ठेवत ठेवत दोनदा वाढून घेणारी ती बाई मला हवी होती.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा त्याला सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "हे मी आईला सांगायचं? त्यापेक्षा बॉर्डरवर पाठव मला." माणूस बंदुकीसमोर उभा राहील, पण आईसमोर नाही. सुट्टी संपली, तो गेला, मी पुन्हा अंथरूण उचललं.

मग एका सकाळी मोटरीच्या खोलीपाशी आत्याबाई चक्कर येऊन बसल्या. पाय सुजलेले, दम लागलेला. रहिमतपूरच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, दोनदा बघितलं आणि म्हणाले, "आता माझ्याकडं नको. सांगलीला हृदयाच्या डॉक्टरला दाखवा, आणि लवकर दाखवा." माझ्या वडिलांनी एका डॉक्टरांची वेळ घेतली. पॅसेंजरनं आम्ही दोघीच गेलो. आत्याबाई खिडकीशी बसून बाहेरच्या लोकांच्या उसाला नावं ठेवत होत्या, पण त्यांचा हात सारखा छातीकडं जात होता.

सांगलीचे डॉक्टर वयानं लहान निघाले. आत्याबाईंना ते पटलं नाही. "ह्यो पोरगा काय बघणार?" हे त्या हळू म्हणाल्या असं त्यांना वाटलं. पोरगा नुसता हसला. त्यानं ईसीजीची पट्टी काढली, छातीचा फोटो काढला, मान किती जाड आहे तेही टेपनं मोजलं. मग सांगितलं, हृदयाची भिंत जाड झाली आहे, हृदय वाढलं आहे. तीन गोळ्या चालू असताना असं व्हायला नको. काहीतरी आपल्याला सापडत नाही.

"घोरता का, आजी?"

"न्हाई बा," आत्याबाई म्हणाल्या. इतक्या शांतपणे की मीही क्षणभर विश्वास ठेवला असता.

"रात्री शेजारी कोण झोपतं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. डॉक्टर माझ्याकडं बघत होते. आईनं मारायला सांगितलेली गाठ मला जिभेवर खरोखरच लागत होती. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, "मी झोपते. घोरतात त्या. आणि मधेच श्वास थांबतो."

"थांबतो म्हणजे कसा? करून दाखवता येईल?"

आता सासूसमोर सासूच्या घोरण्याची नक्कल! पण एकदा बोलले होते, आता काय राहिलं होतं. मी डोळे मिटले आणि घोरायला लागले. दारात उभी असलेली दवाखान्यातली मावशी फिदीफिदी हसली. मग मी थांबले. आत्याबाई जेवढा वेळ थांबतात तेवढाच वेळ थांबले. रात्र रात्र जागून मी तो वेळ इतका ऐकला होता की घड्याळ लागत नव्हतं. माझ्या कानात दडे बसले, डोळ्यांत पाणी आलं, छाती फुटायला लागली. मावशीचं हसू बंद झालं. डोळे उघडले तर डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते. मी मोठ्यानं श्वास घेतला, अगदी त्यांच्यासारखा हिसका देऊन.

डॉक्टरांनी मग सावकाश सांगितलं. झोपलं की सगळ्यांचंच अंग सैल पडतं, घसाही. पण ज्यांची मान जाड, वजन जास्त, त्यांचा घसा कधी कधी आतून मिटतो. हवा जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो. मेंदू घाबरतो आणि शरीराला धक्का देऊन उठवतो. त्या धक्क्यासरशी हृदय पळायला लागतं, रक्तदाब उसळतो. माणूस श्वास घेतो, पुन्हा झोपतो, घसा पुन्हा मिटतो. रात्रभर हेच. रात्री रक्तदाब उतरायला हवा, हृदयाला तेवढाच विसावा. यांच्या हृदयाला तो मिळतच नाही. उलट दिवसापेक्षा रात्रीच जास्त राबतं. वर्षानुवर्षं असं चाललं की ते थकतं, ठोके चुकायला लागतात, कधी डोक्यात रक्ताची गुठळी जाते. म्हणून सकाळी डोकं दुखतं, रात्री लघवी होते, दिवसा डुलक्या येतात. आणि झोपेची गोळी ताबडतोब बंद, कारण ती घसा आणखी सैल करते आणि उठवणारा धक्काही उशिरा येतो.

आत्याबाईंनी एकच विचारलं, "म्हंजी हिरीतला फुटव्हॉल्व्ह चोंदून पानी यायचं थांबल्यावर मोटर नुसतीच गरागरा फिरती, तसं?"

"अगदी तसंच."

"मग ती मोटर जळती," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर कागदावर काही लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला हृदयाचा त्रास? आत्याबाई म्हणाल्या, "कुणाला न्हाई. माझा थोरला भाऊ तर झोपंतच गेला. रातचं जेवून झोपला, सकाळी उठलाच न्हाई. पुण्यवान मानूस. गाव म्हणतं, मरान असावं तर असं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "वय काय होतं?"

"पन्नाशी बी न्हवती."

"घोरायचे?"

"शिवंपातूर आवाज जायचा," आत्याबाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. डॉक्टरांनी तेही कागदावर लिहून घेतलं.

एक रात्र त्यांना तिथं ठेवून घेतलं. सिस्टर अधूनमधून येऊन झोपेतच पट्टा बांधून जायची. सकाळी डॉक्टरांनी आकडे वाचून दाखवले. रक्तदाबाचा आकडा दिवसापेक्षा रात्रीच वर चढून बसला होता. मुंबईला एक यंत्र मिळतं, नाकाला मुखवटा लावून हवेचा दाब देतं, पण ते लागेल तर पुढं बघू, म्हणाले. सध्या वजन उतरवायचं, मिश्री सोडायची, उताणं झोपायचं नाही. उताणं झालं की जीभ मागं पडते. पोलक्याला पाठीवर खिसा शिवा आणि त्यात चेंडू घाला, म्हणजे उताणं होताच टोचेल.

परतीच्या गाडीत आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही नाही. आमच्या घरात अबोल्याची पद्धत म्हशीमार्फत बोलायची होती. "म्हशे, दळण संपलंय म्हणं." "म्हशे, आज कालवणात तिखट कुणी उधळलंय?" मला राग यायचा, रडूही यायचं. मी बाजारातून रबरी चेंडू आणला, त्यांच्या सगळ्या पोलक्यांना पाठीवर खिसे शिवले आणि घडी करून उशाशी ठेवले. त्यांनी न बोलता घातले. रात्री उताण्या झाल्या की 'आईऽ' म्हणून कुशीवर व्हायच्या. झोपेची गोळी मी उकिरड्यात टाकून दिली होती. मिश्रीसाठी मात्र त्या बरंच भांडल्या, तेही म्हशीशीच.

हळूहळू श्वास थांबणं कमी झालं. पुरतं गेलं नाही, पण थांबायचा वेळ आखडला. कपाळाचं फडकं सुटलं. पुढच्या खेपेला सांगलीला गेलो तर पारा खाली आला होता, आणि डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. मला इतका आनंद झाला की मी त्या 'पोरग्या'च्या पाया पडायची बाकी राहिले. आत्याबाईंच्या मनात मात्र दुसरंच काही चाललं आहे, हे मला कळत होतं.

एका सकाळी त्या नेसून तयार झाल्या आणि थेट मला म्हणाल्या, "चल. वैनीकडं जायाचंय." इतक्या दिवसांत म्हशीला मध्ये न घेता उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

वाईच्या जवळ त्यांचं माहेर. भाऊ गेल्यापासून वहिनी, म्हणजे माझ्या नात्यानं मामी, तिथं मुलाकडं राहत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या सोप्यात बसून सुपात घेवडा निवडत होत्या. बारीक, गोऱ्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी गूळपाणी दिलं, ख्यालीखुशाली झाली. आत्याबाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. वाटभर मला वाटत होतं की त्या भांडायला चालल्या आहेत.

"वैनी," त्या म्हणाल्या, "दादाचं एक इचारायचं हाय. त्यो घोरायचा तवा मधीच श्वास थांबायचा का वो त्येचा?"

मामींचा हात सुपातच राहिला. मग त्या म्हणाल्या, "थांबायचा."

"लय येळ?"

"लय येळ. मी उठून बसायची. वाटायचं, आता काय घेत न्हाईत ह्ये. आन मग एकदम घ्यायचं."

"कुणाला बोलला न्हाई तुमी?"

"कुणाला बोलू, वन्सं? नवऱ्याचं झोपंतलं चारचौघांत सांगत्यात व्हय?" मामींनी पदरानं तोंड पुसलं. "त्या रातीला बी थांबला. मी उठून बसले. रोज घ्यायचं, म्हणून वाट बघत बसले."

मी भिंतीकडं बघितलं. मला त्यांच्याकडं बघवेना. मी माझ्या तळहातावर कितीतरी रात्री काय तोलत होते, ते या बाईला सगळं ठाऊक होतं.

"का वो वन्सं?" मामी आता आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होत्या. "सांगलीला गेला व्हता म्हणं तुमी. डॉक्टर काय बोलला का? दवा असती का ह्याला? मी तवा कुणाला बोलले असते तर…"

आत्याबाई श्वास रोखून बसल्या होत्या, पण या वेळी जाग्या होत्या. मग त्यांनी वहिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"न्हाई वैनी. माझं येगळं हाय. दादाचं तेवढंच व्हतं. कुणी काय करणार व्हतं?"

मामींना ते पुरलं नाही. त्या माझ्याकडं वळल्या. "पोरी, तू शिकल्याली हाईस. डॉक्टराम्होरं तू बसली व्हतीस. तू खरं सांग."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. सांगलीला खिडकीबाहेर लागलेले ते डोळे आज सरळ माझ्यावर होते, आणि त्या मला विनवत होत्या. सासूनं सुनेला विनवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"व्हय मामी," मी म्हणाले. "डॉक्टर बी तेच म्हणाले. झोपेत गेले ते सुखानं गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल."

मामींनी मान डोलावली, दोनदा, तीनदा. मग सूप मांडीवर ओढून पुन्हा घेवडा निवडायला लागल्या आणि म्हणाल्या, आता जेवूनच जा, भाकरी टाकते.